शिरपामाळावरची सहल

डोंगरावर सहलीस जावयाचें ठरलें म्हणजे घरांतील वडील मंडळी प्रथम नकाशा काढून बसतात. वास्तविक प्रथम विचार करावयाचा तो पायांचा. ज्या घरांत चार वर्षांचें मूल, नऊ वर्षांची मुलगी आणि पंधरा वर्षांचा मुलगा आहे, त्या घराची सहल एक नसून तीन असतात. फक्त त्या एकाच दिवशीं निघतात इतकेंच. चार वर्षांच्या मुलास डोंगराचें शिखर नको असतें, वाटेंतला खडा पुरतो. नऊ वर्षांच्या मुलीस प्रत्येक गोष्टीचें कारण हवें असतें. पंधरा वर्षांच्या मुलास वडिलांच्या पुढें जावयाचें असतें, मग तें चालण्यांत असो वा बोलण्यांत. या तिघांस एकाच मापानें चालविण्याचा हट्ट धरला, कीं पहिलें रडतें, दुसरें कंटाळतें आणि तिसरें रुसून बसतें, हा अनुभव पुष्कळ वाचकांनीं घेतला असेल. मींही तो एकदां पुरेपूर घेतला. आणि म्हणून गेल्या मार्गशीर्षांत जव्हारजवळच्या शिरपामाळावर जाण्याचा बेत केला, तेव्हां मी जरा इतिहासाचा आधार घेऊं लागलों.

मुलांबाळांसह डोंगर चढण्याची चाल आपल्याकडे नवी नव्हे. नवा आहे तो तिचा हेतु. सप्तशृंगीची यात्रा, जेजुरीची यात्रा किंवा श्रावणांतल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा यांत आजीपासून कडेवरच्या मुलापर्यंत सारें घर चालत असे व अजूनही चालतें. यात्रेंत तिथि ठरलेली, विसाव्याच्या जागा ठरलेल्या, आणि मागें पडलेल्यासाठीं थांबणें हा धर्माचाच एक भाग समजला जाई. इंग्रजी अमलांत डोंगराकडे पाहण्याची दृष्टि पालटली. १८२८ च्या सुमारास गव्हर्नर सर जॉन माल्कम यानें महाबळेश्वरीं वसाहतीचा पाया घातला. १८५० सालीं ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानचा डोंगर चढून गेला, आणि १९०७ मध्यें नेरळहून तेथें आगगाडीही पोंचली. डोंगर हें देवाचें स्थान होतें तें हवा खाण्याचें स्थान झालें. आम्हां शिकलेल्या लोकांनीं ही दृष्टि मोठ्या आवडीनें उचलली. तिच्यांत वाईट असें कांहीं नाहीं. परंतु यात्रेला एक कथा असे, आणि ती कथा लहानथोरांस एकत्र बांधून ठेवी. नुसत्या हवेनें तें काम होत नाहीं. मुलें डोंगरावर कंटाळतात याचें कारण पुष्कळ वेळां पायांत नसून कथेच्या अभावांत असतें, असें मला वाटतें.

मुलास बरोबर घेऊन करावयाच्या प्रवासाचा एक फार मोठा धडा आपल्या इतिहासांत आहे, पण त्या दृष्टीनें आपण तो वाचीत नाहीं. १६६६ सालीं शिवाजी महाराज आग्र्यास गेले, तेव्हां संभाजीराजे अवघे नऊ वर्षांचे होते. ऑगस्ट महिन्यांत पहाऱ्यांतून निसटल्यावर महाराजांनीं मुलास आपल्या वेगाबरोबर ओढलें नाहीं. मथुरेस मोरोपंत पिंगळ्यांच्या नात्यांतील ब्राह्मण कुटुंबाकडे त्यास ठेविलें, स्वतः पुढें निघून गेले, आणि मूल मागाहून सुखरूप स्वराज्यांत पोंचलें. पित्याचें काळीज त्या वेळीं काय म्हणत असेल, तें ज्याचें त्यानें ओळखावें. पण व्यवहाराचा नियम स्पष्ट आहे. ज्या वेगानें मोठा माणूस जाऊं शकतो, त्या वेगानें मूल जाऊं शकत नाहीं. अशा वेळीं वाटा निराळ्या कराव्या, विश्वासाचीं माणसें नेमावीं, आणि एकत्र भेटण्याची जागा मात्र एक ठेवावी. आमच्या लहानशा सहलीसही याहून निराळा नियम लागत नाहीं.

त्या नियमानें आम्हीं बेत आंखला. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारें दीड हजार फूट उंचीवर आहे. नाशिकहून त्र्यंबक व मोखाडा या मार्गानें तेथें जातां येतें, आणि वाट सारी डोंगराळ असली तरी शिरपामाळ हा नांवाप्रमाणेंच माळ आहे. तेथें जाण्यास कडा चढावा लागत नाहीं. पावसाळ्यांत हा प्रदेश हिरवागार होतो हें खरें, परंतु त्या वेळीं दाभोशाच्या धबधब्याजवळचे खडक इतके निसरडे असतात कीं लहान मुलांस तेथें नेणें मीं साफ नाकारलें. चैत्र-वैशाखांत ऊन कडक, आणि या भागांत पाण्याचें दुर्भिक्ष. म्हणून हिंवाळा पसंत केला. सकाळीं ऊन कोंवळें असतांना सर्वांनीं मिळून शिरपामाळ पाहावयाचा. दुपारीं लहानांनीं सौभाग्यवतींबरोबर विसांवा घ्यावयाचा. त्या अवधींत थोरल्यानें माझ्या पुतण्याबरोबर भूपतगडाची चढण चढून यावयाची. आणि सायंकाळीं दरीच्या कांठीं, धाकट्याचा हात घट्ट धरून, सर्वांनीं एकत्र सूर्यास्त पाहावयाचा. सर्वांनीं सर्व पाहिलेंच पाहिजे हा आग्रह सोडून दिला, तेव्हां अर्धी भांडणें घरींच मिटलीं.

आतां शिरपामाळाची कथा. १६६४ च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यांत महाराज सुरतेस जाऊन थडकले. त्या स्वारींत जातांना त्यांचा मुक्काम या माळावर पडला, जव्हारचा राजा विक्रमशहा यानें येथें त्यांचें स्वागत केलें आणि मानाचा तुरा मस्तकीं खोवला, अशी परंपरा आहे; त्यावरूनच माळास शिरपामाळ हें नांव पडलें असें सांगतात. येथें आपला ‘शिरपाव’ हा शब्द आठवतो. तो फारसी ‘सर-ओ-पा’ यावरून आलेला, म्हणजे डोक्यापासून पायांपर्यंतचा मानाचा पोशाख. तुरा असो वा पोशाख असो, माळाच्या नांवांत एका राजानें दुसऱ्या राजाचा केलेला सन्मान सांठविलेला आहे एवढें परंपरेचें तात्पर्य.

स्मारकापाशीं बसून मीं ही गोष्ट सांगितली. धाकट्यास तुरा तेवढा समजला. त्यानें वाळलेल्या गवताची काडी उपटून टोपींत खोंविली आणि तो घोडदौड करूं लागला. चार वर्षांच्या वयास इतका इतिहास पुष्कळ झाला.

मुलगी मात्र विचारूं लागली, “आजोबा, पण हे जव्हारचे राजे कुठून आले?” तेव्हां मीं तिला जयबा मुकण्याची गोष्ट सांगितली. महादेव कोळी जमातींतल्या या पुरुषानें येथील वारली राजाजवळ बैलाच्या एका कातड्यांत मावेल एवढीच जमीन मागितली. राजा हंसून ‘हो’ म्हणाला. जयबानें कातडें कापून त्याच्या बारीक वाद्या केल्या, त्या टोंकास टोंक लावून जोडल्या, आणि त्या वेढ्यांत आली तेवढी जमीन आपली केली. व्हर्जिल कवीच्या महाकाव्यांतील डिडो राणीनें कार्थेज नगर वसवितांना हीच युक्ति केली होती. तेव्हां ही दंतकथा देशोदेशीं फिरणारी आहे हें उघड आहे. कथा कशीही असो, पुढें १३४३ सालीं जयबाचा मुलगा नेमशहा यास दिल्लीच्या महंमद तुघलकाकडून राजेपणाची मान्यता मिळाली, असें संस्थानचा इतिहास सांगतो.

मुलीनें शिदोरीभोंवतीं गुंडाळलेलें वर्तमानपत्र घेतलें आणि त्याच्या पट्ट्या फाडून त्या जमिनीवर मांडल्या. वेढा बराच मोठा झाला. धाकटा त्यांत शिरून “हें माझें राज्य!” म्हणून ओरडूं लागला. मुलगी मात्र जरा वेळ त्या वेढ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “पण आजोबा, त्या वारली राजाला त्यांनीं फसवलंच ना?”

याचें उत्तर मी मनांत जुळवीत आहें, तोंच थोरल्यानें दुसरा प्रश्न टाकला. त्यानें घरून निघण्यापूर्वीं माझ्याच कपाटांतलें एक पुस्तक चाळलें होतें. “बाबा, विक्रमशहानं महाराजांना तुरा दिला तो १६६४ मध्यें. मग १६७२ मध्यें मोरोपंतांनीं जव्हार कां घेतलं?”

खरें सांगावयाचें तर ही गोष्ट मीं मुद्दाम वगळिली होती. त्या वर्षाच्या जून महिन्यांत मोरोपंत पिंगळ्यांनीं जव्हार जिंकलें आणि सुमारें सतरा लाखांचा खजिना हस्तगत केला. विक्रमशहास राज्य सोडून मोगली मुलखांत पळावें लागलें. ज्या पेशव्यांच्या आप्तांनीं मथुरेस एका राजपुत्रास जिवापलीकडे सांभाळलें, त्यांनींच आठ वर्षांपूर्वीं स्वागत करणाऱ्या राजाची राजधानी घेतली. सहलीच्या दिवशीं, लहान मुलांसमोर, स्मारकाच्या पायथ्याशीं हें कशाला सांगावें, असें मला वाटलें होतें. मीं “तें राजकारण असतं,” असें म्हणून विषय मिटवूं लागलों. त्यावर मुलगा शांतपणें म्हणाला, “बाबा, वर्गांत तुम्हीं एवढंच उत्तर दिलं असतं का?”

शिक्षकास याहून बोंचणारा प्रश्न नाहीं. मग मीं सर्व सांगितलें. १६७० मध्यें महाराजांनीं सुरतेवर दुसरी स्वारी केली. कल्याणपासून सुरतेपर्यंतच्या वाटेवर जव्हार आणि रामनगर हीं दोन राज्यें होतीं. हीं राज्यें दुसऱ्याच्या हातीं असेपर्यंत सुरतेकडची वाट आणि उत्तर कोंकणचा बंदोबस्त पक्का होणें शक्य नव्हतें. जव्हारपाठोपाठ रामनगरही घेतलें गेलें, तें याच कारणानें. एका बाजूस मोगल आणि दुसऱ्या बाजूस मराठे, अशा दोन मोठ्या सत्तांमध्यें लहान राज्याची काय अवस्था होते, तें विक्रमशहाच्या नशिबीं आलें. १६६४ चा सन्मान खोटा नव्हता आणि १६७२ ची गरजही खोटी नव्हती. महाराजांचें थोरपण इतकें लेंचेंपेंचें नाहीं कीं त्यासाठीं जव्हारच्या राजाचें दुःख लपवावें लागावें. आणि तें घराणेंही तेथें संपलें नाहीं; पुढें मराठ्यांच्या अमलांत त्याचा मुलूख पुष्कळ घटला, तरी १९४८ सालीं संस्थान मुंबई राज्यांत विलीन होईपर्यंत मुकणे घराणें जव्हारच्या गादीवर होतें.

धाकटा हें सारें ऐकत आहे असें मला वाटलें नव्हतें. तो एकाएकीं जवळ आला आणि टोपीला हात लावून म्हणाला, “मग त्यांनीं तुरा परत दिला?” याचें उत्तर मजपाशीं नव्हतें, आणि नाहीं.

माळावरून परततांना वाटेंत एक मुलगी दिसली. वय आमच्या मुलीएवढेंच असावें. डोक्यावर एकावर एक दोन हंडे आणि कडेवर लहान भाऊ. आमची मुलगी चालून दमल्याची तक्रार करीत होती, ती आपोआप थांबली. ज्या डोंगरावर आपण वर्षांतून एकदां मौजेनें चढतों, तो डोंगर तेथील मुलें रोज पाण्यासाठीं, सरपणासाठीं, शाळेसाठीं चढतात. दुपारीं आम्हीं ज्या घरीं सांगून नागलीच्या भाकरी आणि भाजी करून घेतली होती, तेथील माउलीनें धाकट्यास भाकरीचा पापुद्रा काढून भरविला. त्या भाकरीची किंमत देतांना आम्हीं घासाघीस केली नाहीं, एवढाच आमचा शहाणपणा. याच जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें १९९२-९३ सालीं कुपोषणानें बालकें दगावलीं, आणि तेव्हां साऱ्या महाराष्ट्राचें लक्ष येथें वळलें. ही गोष्ट मीं लहानांस सांगितली नाहीं. रात्रीं, तीं दोघें झोंपल्यावर, थोरल्यास सांगितली. तो पुष्कळ वेळ बोलला नाहीं. मग त्यानें विचारिलें, “हें पण इतिहासांतच येतं ना?” मीं “होय” म्हटलें.

तेव्हांपासून माझ्या मनाशीं एक गोष्ट पक्की झाली आहे. निरनिराळ्या वयाच्या मुलांस घेऊन डोंगरावर जातांना चाल सर्वांत लहानाच्या पायांनीं ठरवावी, विसाव्याच्या जागा आधींच नेमाव्या, आणि मोठ्यास त्याच्या पायांजोगी चढण निराळी द्यावी. कथेचेंही तसेंच आहे. धाकट्यास तुऱ्यापर्यंत न्यावें, मधलीस कातड्याच्या वेढ्यापर्यंत, थोरल्यास १६७२ पर्यंत आणि त्याच्याही पुढें. मात्र धाकट्यास सांगितलेली कथा पुढें मोठेपणीं खोटी ठरतां कामा नये. त्याच वाटेनें पुढें चालत गेल्यास त्यास बाकीचा इतिहास भेटला पाहिजे. घरीं आल्यावर मुलीनें आपल्या वहींत कातड्याच्या वेढ्याचें चित्र काढलें आहे. वेढ्याच्या आंत जयबा उभा आहे, आणि वेढ्याच्या बाहेर, पाठमोरा, वारली राजा. तो कोठें चालला आहे, असें तिनें मला विचारलें आहे. पुढच्या सहलीपूर्वीं मला याचा अभ्यास केला पाहिजे.