अंगणवाडी कोणाची, प्रसूतिगृह कोणाचे? ठाणे, कल्याण-डोंबिवलीतील माता-बालक सेवांची माहिती

अंगणवाडीची चौकशी करायला महापालिकेत गेलेल्या गरोदर भगिनीला बहुतेक वेळा 'ते आमच्याकडे येत नाही' एवढेच उत्तर मिळते. उत्तर खोटे नसते, पण मग कोणाकडे येते हे कोणी सांगत नाही. या फेऱ्यांत गरोदरपणाचे महिने निघून जातात आणि हक्काचा आहार बुडतो. म्हणून कोणती सेवा कोणाकडे आहे, याची माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

महापालिकेकडे काय?

दवाखाने, प्रसूतिगृहे, लसीकरण आणि जन्मनोंदणी ही कामे महापालिकेची. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचे आहे. कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय कल्याण-डोंबिवली महापालिकेचे आहे. ठाण्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय मात्र राज्य शासनाचे. तक्रार करताना हा फरक लक्षात ठेवावा. बाळाचा जन्म २१ दिवसांत नोंदवला तर नोंदणीला शुल्क लागत नाही.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६६ मध्ये माता व शिशू कल्याण केंद्रे चालवणे हे महापालिकेचे ऐच्छिक काम म्हणून दिले आहे. म्हणजे त्यासाठी मागणीचा रेटा लागतो. अर्थसंकल्पातील ५ टक्के निधी महिला व बालकल्याणासाठी राखायचा असतो. या विषयाची समिती नगरसेवकांमधून बनते. कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० मध्ये आणि ठाण्यात मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली. निवडणुका लांबल्या आणि पुढची काही वर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला. त्या काळात ही समितीही नव्हती. निधी कशावर खर्च झाला, हे माहिती अधिकारात विचारता येते.

अंगणवाडी राज्याची

एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. शहरात ती राज्याच्या महिला व बाल विकास विभागाच्या नागरी प्रकल्पांतून चालते. अर्ज बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या नावे करावा. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पूर्वप्राथमिक शिक्षण आणि आहार-आरोग्य शिक्षण अशा सहा सेवा तेथे मिळायला हव्यात.

अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार सहा महिने ते सहा वर्षांच्या बालकाला, गरोदर स्त्रीला आणि प्रसूतीनंतर सहा महिने मातेला मोफत आहार हा हक्क आहे. सेविकेची मेहेरबानी नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी दिलेला आदेश आपल्या वस्त्यांसाठी महत्त्वाचा आहे. वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. हा आदेश झोपडपट्ट्यांनाही लागू आहे. त्याआधी २००४ मध्येच अनुसूचित जाती-जमातींच्या सर्व वस्त्यांत लवकरात लवकर अंगणवाड्या सुरू करण्यास न्यायालयाने सांगितले होते.

थेट मदत

- प्रधानमंत्री मातृवंदना योजना: पहिल्या अपत्यासाठी दोन हप्त्यांत ५,००० रुपये, दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये. अनुसूचित जाती-जमातींच्या महिला पात्र गटांत येतात.
- जननी सुरक्षा योजना: दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती-जमातींच्या मातांना शहरी भागात संस्थेत प्रसूती झाल्यास ६०० रुपये.
- जननी शिशू सुरक्षा कार्यक्रम (२०११): शासकीय आरोग्य संस्थेत प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, आहार आणि वाहन मोफत.

आपण काय करायचे?

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मातेची विश्रांती ही राष्ट्रहिताची बाब मानली होती. बाबासाहेबांचा हा वारसा वस्तीच्या कामात उतरला पाहिजे.

रविवारच्या वंदनेनंतर विहारातल्या तरुणांनी आणि महिला मंडळाने घरोघर जाऊन सहा वर्षांखालील मुलांची आणि गरोदर भगिनींची यादी करावी. भाड्याच्या खोलीतली, नव्याने आलेली कुटुंबे आधी नोंदवावीत, कारण तीच सुटतात. संख्या ४० च्या वर गेली आणि जवळ अंगणवाडी नसेल, तर यादीसह लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि त्या तारखेपासून तीन महिने मोजावेत.