वरसईचे गोडसे भटजी : १८५७ ची एक मराठी साक्ष

१८५७ च्या उठावाविषयी इंग्रज अधिकाऱ्यांनी रोजनिशा आणि आठवणी विपुल लिहिल्या. वेढ्यात सापडलेल्या झाशीच्या आत राहून तो प्रलय पाहणारा आणि मराठीत लिहून ठेवणारा माणूस मात्र पेण तालुक्यातील वरसई गावचा एक भिक्षुक होता : विष्णुभट गोडसे.

घरावर कर्ज होते. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार, अशी वार्ता आली आणि तिशीतले विष्णुभट काका रामभटांसह उत्तरेस निघाले. वाटेत महूजवळ शिपायांनी येऊ घातलेल्या उठावाची सूचना दिली, तरी दोघे परतले नाहीत. कर्ज माणसाला धीट करते, ते असे.

मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजने झाशीला वेढा घातला. एप्रिलच्या आरंभी शहर पडले. त्यानंतरची कत्तल, जिला गोडसे ‘बिजन’ म्हणतात, त्यांनी लपून राहून सोसली. मिळवलेले द्रव्य लुटीत गेले. पुढे काल्पीच्या वाटेवर त्यांना राणी लक्ष्मीबाई भेटली, ती तहानलेली. ती ओंजळीने पाणी प्याली, असे ते सांगतात. वरसईस परतताना हाती धन नव्हते, खांद्यावर गंगेची कावड होती. त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांस स्नान घातले.

हे सारे कागदावर आले सुमारे पंचवीस वर्षांनी, १८८३ च्या सुमारास, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून. वैद्य पुढे कायद्याचे पदवीधर आणि ग्वाल्हेर संस्थानात न्यायाधीश झाले. सरकारच्या भीतीने गोडशांनी अट घातली : आपल्या हयातीत छापू नये. म्हणून ‘माझा प्रवास’ १९०७ साली, लेखकाच्या पश्चात, प्रकाशित झाले.

पण वैद्यांनी मजकूर जसाच्या तसा ठेवला नाही. भाषा सुधारली, काही गाळले, काही घातले. कायदा जाणणाऱ्याने साक्षीदाराच्या जबानीत हात घालावा, हे आश्चर्यच. सुदैवाने हस्तलिखित त्यांनी नष्ट केले नाही. ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे सोपवले. त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ संहिता प्रसिद्ध केली.

रोजनिशी नसल्याने तिच्यात तारखांचे घोटाळे आहेत, ऐकीव गोष्टीही आहेत. युद्धाचा क्रम तपासायचा तर इंग्रजी कागद लागतात. परंतु वेढ्यात पाणी कसे मिळवले, कोण कुठे लपले, लूट कशी झाली, हे विचारायचे असेल तर वरसईच्या भटजींकडेच यावे लागते. वाचताना आवृत्ती पोतदारांची आहे की वैद्यांची, एवढे आधी पाहावे.