विजासन टेकडी : भद्रावतीवरची बुद्धलेणी

चंद्रपूरहून नागपूरच्या दिशेने साधारण 25 किलोमीटरवर भद्रावती लागते. जुने नाव भांदक. रेल्वे स्टेशनवर ते अजून टिकून आहे. गावाला लागूनच विजासन टेकडी आहे. वर चढले की भद्रावतीची वस्ती आणि भोवतालची शेती नजरेच्या टप्प्यात येते. बहुतेक जण इथेच सेल्फी काढून उतरतात. खरे पाहण्यासारखे आहे ते टेकडीच्या पोटात.

हे लेणे अजिंठ्यासारखे खांबांच्या दालनांचे नाही. खडकात सरळ आत जाणारा सुमारे 71 फुटांचा बोगदा, त्याच्या टोकाला गाभारा आणि त्यात बसलेली भव्य बुद्धमूर्ती. उजव्या-डाव्या बाजूंनाही असेच फाटे निघतात, त्यांच्या टोकालाही बुद्ध. आत अंधार असतो, म्हणून टॉर्च सोबत न्या, मेणबत्ती नको. काजळीचा थर खडकावरून निघत नाही, आणि ही काजळी आपलेच श्रद्धाळू उपासक धरतात, हेही कबूल करू या.

इंग्रज काळात पुरातत्त्व खात्याचे अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी या लेण्यांची नोंद केली. युआन श्वांग याने सातव्या शतकात पाहिलेली कोसल देशाची राजधानी म्हणजेच भांदक, असे त्यांचे मत होते. ते पुढच्या अभ्यासकांनी सरसकट मान्य केलेले नाही. त्यामुळे भाषणात ते सिद्ध झाल्यासारखे सांगू नये. बुद्धमूर्ती समोर असताना त्याची गरजही नाही.

16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. म्हणजे दीक्षाभूमी आणि हे प्राचीन लेणे एका दिवसात पाहून होते. शाखेच्या सहलीत दोन्ही ठेवा.

लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. 2010 च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध, पुढील 200 मीटर नियंत्रित. त्यामुळे लेण्याला खेटून सभागृह मागणाऱ्या निवेदनावर सही करण्यापूर्वी अंतर मोजा. भिंतीवर नावे कोरणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. उन्हाळ्यात जायचेच असेल तर सकाळी लवकर निघा, पाणी घरूनच घ्या.