एकल मालकी की कंपनी? धंद्याचं कर्ज नेमकं कोणाचं, समजून घ्या

समजा, सांगलीच्या विश्रामबागमध्ये तुमचं फर्निचरचं दुकान आहे. गुमास्ता परवाना, जीएसटी, उद्यम नोंदणी, सगळं आहे. मग ही तुमची कंपनी झाली का? नाही. एवढ्यावर ती एकल मालकीच राहते.

एकल मालकी म्हणजे काय?

कायद्याच्या नजरेत दुकान आणि मालक एकच. पॅन मालकाचाच, नफाही त्याच्याच उत्पन्नात धरला जातो आणि त्यावर स्लॅबनुसार कर लागतो. सुरू करणं सोपं, बंद करणंही सोपं. पण देणी थकली, तर वसुली दुकानातल्या मालावर थांबत नाही. मालकाचं घर आणि बचतही त्यात येऊ शकते. मालकाच्या मृत्यूनंतर धंदा चालवायचा, तर वारसाला जीएसटी नोंदणी नव्याने घ्यावी लागते.

कंपनीत काय वेगळं?

कंपनी कायदा, २०१३ नुसार नोंदलेली कंपनी ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती असते. पॅन तिचा, मालमत्ता तिची, कर्जही तिचंच. भागधारकाची जबाबदारी साधारणपणे त्याने घेतलेल्या शेअर्सच्या रकमेपुरती असते. भागधारक गेला तरी कंपनी चालू राहते.

प्रायव्हेट लिमिटेडसाठी किमान दोन भागधारक आणि दोन संचालक लागतात. एकट्यासाठी 'वन पर्सन कंपनी' आहे, त्यात नॉमिनी द्यावा लागतो.

बदल्यात शिस्त पाळावी लागते. उलाढाल कितीही असो, दरवर्षी ऑडिट आणि कंपनी निबंधकांकडे विवरणपत्रं भरणं बंधनकारक. गल्ल्यातून घरखर्चाला पैसे उचलता येत नाहीत. पगार किंवा लाभांश म्हणूनच घ्यावे लागतात.

मेख कुठे आहे?

लहान कंपनीला कर्ज देताना बँका अनेकदा संचालकांची वैयक्तिक हमी मागतात. त्यावर सही केली, की त्या कर्जापुरती तुमची स्वतःची मालमत्ता पुन्हा पणाला लागते. त्यामुळे 'लिमिटेड' शब्दावर विसंबण्याआधी हमीपत्र नीट वाचा.

जवळचं उदाहरण

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढे ते लोखंडी नांगरांकडे वळले आणि १९१० मध्ये आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवली. 'किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड' ही कंपनी मात्र १९२० मध्ये नोंदली गेली, म्हणजे सुरुवातीनंतर तब्बल ३२ वर्षांनी.

मग काय निवडावं?

उधारी कमी आणि धंदा एकट्याचा असेल, तर एकल मालकी पुरते. मोठी उधारी, बाहेरचे गुंतवणूकदार किंवा पुढच्या पिढीचा विचार असेल, तर सीएशी बोलून कंपनीचा हिशोब मांडा.