डोलकाठीचे ताणदोर

शिडाच्या जहाजाची डोलकाठी पुढे, मागे व दोन्ही बाजूंना बांधलेल्या ताणदोरांच्या आधाराने उभी असते. हे दोर सैल पडले, तर हेलकाव्यांत तिला हिसके बसतात व ती मोडू शकते.

इंग्लंडचे ‘मेरी रोझ’ हे जहाज १५४५ मध्ये बुडाले व १९८२ मध्ये वर काढले गेले. त्याच्या अवशेषांत भोके पाडलेले लाकडी ठोकळे मिळाले. अशा दोन ठोकळ्यांतून ओवलेली बारीक दोरी खेचून ताणदोर आवळीत. हे काम खलाशांना पुनःपुन्हा करावे लागे. वनस्पतीच्या धाग्यांचा पिळदार दोर भिजला की धागे फुगतात व दोर आखडतो. वाळला की सैलावतो.

१८३४ मध्ये जर्मनीतील हार्झच्या खाणींत विल्हेल्म आल्बर्ट यांनी लोखंडी तारांचा दोर वापरात आणला. पुढे असे दोर जहाजांवरही आले. ते पाण्याने आखडत नाहीत. तापमान २० अंश सेल्सिअसने वाढले, तरी २० मीटर पोलादी दोर सुमारे ५ मिलिमीटरच लांबतो. एवढा फरक उजव्या-डाव्या आट्यांचा टर्नबकल फिरवून भरून काढता येतो.

वर्गात सुतळी ताणून बांधा व तिच्यावर पाणी शिंपडा. खलाशांची जुनी अडचण विद्यार्थ्यांच्या बोटांना कळेल.