संलग्नीकरण, महाविद्यालयांचे

विद्यापीठाबाहेरील संस्थेस विद्यापीठाचा अभ्यासक्रम शिकविण्यास मिळणारी मान्यता. लंडन विद्यापीठाच्या (स्था. १८३६) धर्तीवर १८५७ मध्ये स्थापन झालेली कलकत्ता, मुंबई व मद्रास ही विद्यापीठे प्रारंभी केवळ परीक्षा घेत, अध्यापन महाविद्यालयांकडे असे.

भारतीय विद्यापीठ अधिनियमाने (१९०४) संलग्नीकरणाच्या अटी कडक केल्या. नियामक मंडळ, अध्यापकांची पात्रता, इमारत, ग्रंथालय व आर्थिक स्थिती यांविषयी अर्जदार संस्थेस सिंडिकेटची खात्री पटवावी लागे. स्थानिक पाहणीनंतर प्रकरण सिनेटपुढे जाई; अंतिम निर्णय मात्र सरकारचा असे. शिक्षणाचा दर्जा उंचावणे हा लॉर्ड कर्झन यांच्या सरकारने सांगितलेला हेतू होता. फर्ग्युसन महाविद्यालयात (स्था. १८८५) अनेक वर्षे अध्यापन केलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी विधिपरिषदेत या विधेयकास विरोध केला. लोकांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या संस्थांचे भवितव्य या अधिनियमाने सरकारी निर्णयाशी बांधले गेले.

कलकत्ता विद्यापीठ आयोगाने (१९१७–१९) अध्यापन करणाऱ्या विद्यापीठांचा पुरस्कार केला, तरी संलग्नीकरणाची पद्धती टिकून राहिली. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार नवीन महाविद्यालयास राज्य शासनाची परवानगी आणि विद्यापीठाची संलग्नता या दोन्हींची आवश्यकता असते. संस्थेची शैक्षणिक योग्यता विद्यापीठाने ठरवावी की शासनाने, हा १९०४ मधील वादाचा मुद्दा त्यामुळे आजही निकालात निघालेला नाही.