शाळेच्या वेळीच मुलाचे पोट दुखते? टेली-मानसची मदत घ्या

आपल्या मुलाचे पोट शाळेच्या वेळीच दुखते आणि सुटीच्या दिवशी ते बरे असते का? ते सोंग समजून रागावू नका. दुखणे खरेच असते. मागे परीक्षेची धास्ती किंवा वर्गातली चिडवाचिडवी असू शकते. आधी डॉक्टरांना दाखवा. कारण सापडले नाही, तर १४४१६ वर फोन करा. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही केंद्र सरकारची सेवा मोफत असून चोवीस तास चालते. फोन करताना भाषा निवडता येते. प्रथम समुपदेशक बोलतात, गरज असल्यास तज्ज्ञांशी जोडून देतात. फोन पालकांनीही करावा. मूल जीव देण्याची भाषा करत असेल, तर त्याला एकटे सोडू नका. लगेच फोन करा.